केल्बर्नला न उतरलेली गेस्के

गेस्के हट्टी आहे हे तिच्या तोंडावर सांगायची कोणाची टाप नव्हती, आणि पाठीमागे सांगायची गरज नव्हती, कारण सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. उंच, मोठ्या हाडापेराची बाई. गुडघाभर चिकणमातीत उभी राहून बटाटे काढायची आणि संध्याकाळी पांढरा स्वच्छ एप्रन बांधून चर्चच्या पंचांना कॉफी द्यायची, कारण पंच तिच्या घरीच बसत. तिचे वडील राइंडर हे पंचांमधले पंच. हॉलंडच्या उत्तरेकडच्या ख्रोनिंगेन प्रांतातल्या त्या गावात पाऊस थांबला तर लोक राइंडरना विचारूनच कपडे वाळत घालतात, अशी थट्टा चालायची.

या राइंडरना दोनच मुली. थोरली गेस्के आणि तिच्या पाठची रूलफिन. रूलफिन हसरी, बडबडी, कामात चटपटीत आणि प्रार्थनेत डुलक्या घेणारी. गेस्केनं तिला चर्चच्या बाकावर कोपरखळ्या मारमारून जागं ठेवलं आणि घरी आल्यावर वडिलांच्या बोलण्यापासून वाचवलंही. आई लवकर गेली होती. रूलफिनच्या वेण्या गेस्केनं घातल्या, शाळेचा अभ्यास गेस्केनं करून घेतला, तिच्या लग्नातला पोशाखही गेस्केनंच शिवला. एकोणीसशे त्रेचाळीस साली रूलफिन डेर्कशी लग्न करून चार घरं पलीकडे गेली, तेव्हा गेस्के तीन दिवस नीट जेवली नव्हती. चार घरं पलीकडे.

मग चव्वेचाळीस साल उजाडलं. देशात जर्मन शिपाई, सायकली जप्त, दिव्याला तेल नाही, आणि आमची माणसं कशावरून भांडत होती? तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्यावरून. बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडताना देवाची कृपा त्याच्यात आधीच उतरली आहे असं धरायचं, की देवानं नुसतं वचन दिलं आहे असं म्हणायचं. हसू नका. या एका वाक्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जायला लागले. चर्चच्या वरच्या मंडळींनी फर्मान काढलं, राइंडरनी त्यावर सही करायला नकार दिला, आणि पस्तीस वर्षं पंच असलेल्या माणसाला एका कागदानं पायउतार केलं. राइंडर उठले ते अर्धं गाव घेऊनच उठले. बटाट्याच्या कोठारात त्यांनी वेगळं चर्च मांडलं. त्यांना लोक 'मोकळे' म्हणायला लागले आणि मागे राहिलेल्यांना 'जुने'. मोकळ्यांचा पाववाला वेगळा झाला, जुन्यांचा खाटीक वेगळा झाला, शाळासुद्धा दोन झाल्या.

राइंडरना काढणाऱ्या त्या कागदावर एक सही होती डेर्कच्या बापाची. म्हणजे रूलफिनच्या सासऱ्याची.

त्या दिवसापासून राइंडरनी धाकट्या लेकीचं नाव टाकलं. ती नवऱ्याबरोबर जुन्यांत राहिली, दुसरं ती करणार तरी काय होती? सेहेचाळीसच्या हिवाळ्यात म्हातारा अंथरुणाला खिळला. रूलफिन मागच्या दारानं आली, पलंगाशी उभी राहिली. राइंडरनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. गेस्के पेजेची वाटी घेऊन शेजारीच उभी होती. एक शब्द टाकायचा होता तिनं, वडिलांना किंवा बहिणीला, कोणालाही. तिनं टाकला नाही. रूलफिन आली तशी गेली, आणि दोन दिवसांनी म्हातारा गेला.

अठ्ठेचाळीस साली डेर्क आणि रूलफिन कॅनडाला निघाले. बंदरावर गेस्के गेली नाही. तिनं लोकरीचे मोजे विणून दुसऱ्याच्या हातून पाठवले.

युद्धानंतर आमच्याकडे जमीन कमी आणि माणसं जास्त झाली होती. गेस्केचा नवरा वुबो दुसऱ्याच्या शेतावर मजूर, पदरी तीन पोरं, आणि स्वतःचं शेत या जन्मात होणार नाही हे त्याला स्वच्छ दिसत होतं. वुबो हा शांत माणूस. बायकोला तो घाबरत नव्हता, पण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा चार पोती जास्त उचललेली बरी असं त्याचं मत होतं. पन्नास सालच्या जानेवारीत त्यानं परदेशी जाण्याचा विषय काढला आणि गेस्के लगेच हो म्हणाली. वुबोला नवल वाटलं. त्याला काय माहीत, गेस्केच्या कपाटात लोकरीच्या गुंड्यांखाली रूलफिनची सात पत्रं होती, आणि सगळ्यांत तेच लिहिलेलं होतं: केल्बर्नला या. आमच्या शेजारच्या बीटवाल्या शेतकऱ्याला एक कुटुंब हवं आहे. आमच्या कुंपणालगत दोन खोल्यांचं घर आहे, चूल आहे, विहीर दारात आहे.

लोकांना परदेशी पाठवणाऱ्या संस्थेचा माणूस, बाउकेमा नावाचा, फेब्रुवारीत घरी आला. त्यानं टेबलावर नकाशा पसरला. तिकडचा एखादा शेतकरी तुमची हमी घेतो, वर्षभर त्याच्याकडे राबायचं, मग तुमचे तुम्ही, असा तो मामला. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात त्याच्याकडे दोनच जागा होत्या. एक केल्बर्न. दुसरं विनफोर्ड. एकाच रेल्वेच्या फाट्यावर, दोन्हींत चाळीस मैल. काम दोन्हीकडे तेच, साखरेच्या बिटाची विरळणी आणि काढणी. केल्बर्नला चर्च होतं, पण जुन्यांचं. विनफोर्डला मोकळ्यांची नऊ कुटुंबं नुकतीच जमली होती.

"महिनाअखेर मला एक नाव द्या," बाउकेमा म्हणाला आणि कॉफी पिऊन गेला.

गेस्के महिनाभर हे म्हणाली नाही की ते म्हणाली नाही, घरात तिचा आवाजच येईना. पाद्रीबाबांकडे ती दोनदा गेली. त्यांनी दोन्ही वेळा एकच सांगितलं, की आधी वेदी बघावी, मग भाकर. भाकरीचं देव बघतो. सांगायला त्यांचं काय जात होतं? त्यांची बहीण तिकडे कुंपणापलीकडे बसून वाट पाहत नव्हती.

शेवटच्या आठवड्यात वुबोनं, एरवी न बोलणाऱ्यानं, तोंड उघडलं.

"तिथं तुझी बहीण आहे, गेस्के. चूल पेटवून बसलीय ती. विनफोर्डला कोण आहे आपलं?"

"आणि रविवारी?"

"रविवारी देव तिथंही असेलच की."

"बाबांना काय सांगू मी?"

"बाबा वारलेत."

"म्हणूनच तर," गेस्के म्हणाली. "ते असते तर मी त्यांच्याशी भांडून तरी गेले असते."

गेस्केचंही खरंच होतं. जिवंत माणसाचं मन वळवता येतं, मेलेल्याचं कसं वळवणार? भिंतीकडे फिरवलेलं ते तोंड तिला झोपेतून उठवत होतं, आणि आपण केल्बर्नला उतरलो तर ते पुन्हा एकदा, या वेळी आपल्यापासून, फिरणार असं तिच्या मनानं घेतलं होतं.

आमच्यात गाव सोडताना चर्चचा दाखला घ्यावा लागतो. हे कुटुंब श्रद्धेनं आणि वागणुकीनं निर्मळ आहे, अमुक गावच्या मंडळीनं त्यांना सामावून घ्यावं, असा. हा दाखला मोकळ्यांचा असेल तर जुने घेत नाहीत, आणि जुन्यांचा मोकळे घेत नाहीत. कारकुनानं लेखणी शाईत बुडवली आणि विचारलं, गाव कोणतं घालू? वुबो बायकोकडे बघत राहिला.

"विनफोर्ड," गेस्के म्हणाली.

आम्ही येतोय, अमुक बोटीनं, एवढं तिनं बहिणीला आधीच कळवलं होतं; आता विनफोर्डचं कळवायला नको? पण तिथं तिचा धीर खचला. चार वेळा पत्र लिहायला घेतलं, चार वेळा चुलीत घातलं. अखेर बोट सुटायच्या आठवड्यात तिनं पाच ओळी खरडल्या आणि टपालात टाकल्या. साधं टपाल, समुद्रमार्गे. गेस्केचं सगळं आयुष्य सांगायला बसलं तर ही पाच ओळींची दिरंगाई सगळ्यात आधी सांगावी लागेल. पत्र केल्बर्नला पोचलं ते गाडी येऊन गेल्यावर नवव्या दिवशी.

बोट, मग पाच दिवसांची आगगाडी. लाकडी बाकं, डब्याच्या टोकाला एक शेगडी, तिच्यावर आळीपाळीनं पोरांचं दूध तापवायचं. झाडं संपली, तळी संपली, मग नुसतंच सपाट. आणि गेस्केला एक गोष्ट गाडीत बसल्यावर कळली, जी नकाशावर तिच्या डोळ्यांसमोर होती पण तिनं पाहिली नव्हती. विनफोर्डला जायची वाट केल्बर्नवरून होती.

मे महिन्यात एका दुपारी गाडी केल्बर्नला थांबली. इंजिनात पाणी भरायला सात मिनिटं. एक लाकडी फलाट, धान्याचं उंच कोठार, आणि फलाटावर रूलफिन. काखेत दोन वर्षांची पोर, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला पाव, आणि ती एकेका खिडकीत डोकावत, जवळजवळ पळत येत होती. मागे डेर्क, शेजाऱ्याचा ट्रक मागून आणलेला, टोपी हातात.

"आई, ती बाई तुझ्यासारखी दिसते," गेस्केचा मधला म्हणाला.

गेस्केनं खिडकी वर केली. रूलफिन हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

"उतरा की. बसलात काय? डेर्क, ये, ट्रंका घे."

"आम्ही पुढं जातोय, रूलफिन," गेस्के म्हणाली. "विनफोर्डला."

"विनफोर्डला काय आहे?"

रूलफिनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, ते आवरायचं तिच्या लक्षातच आलं नाही. वुबो डब्याच्या दाराशी एक पाय पायरीवर ठेवून उभा होता आणि बायकोकडे पाहत होता. गेस्केनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"अच्छा," रूलफिन म्हणाली. "तिथं तुमचं चर्च आहे."

"पत्र टाकलंय मी."

"मी चुना दिला घराला. दोन्ही खोल्यांना." तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगायचं म्हणून सांगितल्यासारखं ती बोलली. मग तिनं पावाचं गाठोडं खिडकीतून आत दिलं. "मनुका घातल्यात. पोरांना दे. आजचाच आहे."

शिट्टी झाली. डेर्कनं टोपी डोक्यावर घातली आणि तो ट्रककडे वळला. रूलफिन तिथंच उभी राहिली. गेस्केनं पोरांना पाव कापून दिला, स्वतः तुकडा मोडला नाही. वुबो चाळीस मैल डब्याच्या दाराशीच उभा राहिला, आणि तो रागाचा माणूस नव्हता.

विनफोर्डला त्यांना जे घर मिळालं ते आधी धान्य साठवायचं खोपटं होतं. एक खोली, फळ्यांतून वारा, आणि दार उघडलं की दहा मैलांवरचं दिसेल असं रान. वाकून वाकून बीट विरळायचं, वीतभर अंतरानं एक रोप ठेवायचं आणि बाकीची उडवायची. संध्याकाळी पाठ सरळ होत नसे. धाकटीला पहिल्याच हिवाळ्यात छातीचं दुखणं जडलं, आणि तिला सांभाळायला शेजारपाजार म्हणावं तर अर्धा मैल बर्फ. अशा वेळी माणूस बहिणीला हाक मारतो. गेस्केनं मारली नाही.

आणि ज्या वेदीसाठी हे सगळं केलं ती वेदी कशी होती? गावातलं नाचाचं सभागृह रविवारपुरतं भाड्यानं घेतलेलं. सकाळी लवकर जाऊन आधी बिअरच्या बाटल्या गोळा करायच्या, खुर्च्या पुसायच्या, मग स्तोत्रं म्हणायची. पाद्री परवडत नव्हता. हॉलंडहून छापील प्रवचनं बोटीनं यायची आणि एखादा पंच ती वाचून दाखवायचा. ईस्टरचं प्रवचन जुलैत यायचं. येशू कबरीतून उठला हे आम्ही बीट निंदताना ऐकतो, असं वुबो म्हणायचा. गेस्के त्याला डोळ्यांनी दटावायची. पण शुद्ध होतं ना? शुद्ध होतं. त्यावरच ती तग धरून राहिली.

आमच्या घरांत संडासाच्या दारामागे वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं, म्हणजे रोज एकदा तरी नजर जाते आणि कोणाचा दिवस चुकत नाही. दर वर्षी अकरा मार्चला, गेस्केच्या वाढदिवसाला, रूलफिनचं कार्ड येई. पहिल्या वर्षी त्यावर लिहिलं होतं, घर अजून रिकामं आहे. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी, घर अजून रिकामं आहे पण शेतकरी थांबणार नाही म्हणतो. चौथ्या वर्षी लिहिलं, घरात युक्रेनचं एक कुटुंब आलं आहे, माणसं चांगली आहेत. त्यानंतर फक्त सगळ्यांची नावं. गेस्के ती कार्डं वाचायची आणि तिचं काळीज तुटायचं, हे मी उगाच नरम करून सांगत नाही. ती गोठ्यात जाऊन रडायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची.

मग ती गेली नाही का कधी? गेली. बस सुरू झाल्यावर दोन-चारदा गेली. शुक्रवारी जायची, दोघी बहिणी शनिवारी दिवसभर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसायच्या, गावच्या म्हाताऱ्यांच्या नकला करून हसायच्या. शनिवारी संध्याकाळची बस गेस्के पकडायचीच. रविवारी तिथं राहिलं तर त्यांच्या चर्चला जावं लागेल, नाही तर घरात बसून अपमान केल्यासारखं होईल. सत्तावन्न साली अशाच एका शनिवारी ती कोट घालत होती आणि डेर्क पाइप ओढत म्हणाला, "आमच्याकडे देव शनिवारपर्यंतच असतो वाटतं, गेस्के?"

टोमणाच तो. दुसरी एखादी हसली असती, किंवा उलट टोला देऊन बसली असती. गेस्के कोटाची बटणं लावून निघाली आणि नऊ वर्षं फिरकली नाही. रूलफिन बसपर्यंत मागे आली होती, डेर्कच्या वतीनं माफी मागत. गेस्के तिला एवढंच म्हणाली, की थंडी आहे, तू आत जा.

इकडे विनफोर्डात काय झालं? आमच्या लोकांत म्हणतात, दोन हॉलंडवाले जमले की चर्च होतं आणि तिसरा आला की त्याचे तुकडे. तीन तिघाडा, काम बिघाडा. अठ्ठावन्न साली साखर कारखान्यातल्या कामगार संघटनेत सामील व्हायचं की तो अधर्म, यावरून दहांतली सहा कुटुंबं रागावून उठली. उरली चार. गेस्केची पोरं मोठी झाली आणि एकानंही त्या सभागृहात लग्न केलं नाही. थोरला कॅथलिक पोरीबरोबर कॅल्गरीला गेला, मधल्यानं देवाचं नावच सोडलं, धाकटी समुद्राकडच्या प्रांतात गेली आणि नाताळला फोन करायची. गेस्के कोणाला बोलली नाही. बोलायला तोंड कुठं होतं?

चौऱ्याऐंशी साली वुबो गेला. जायच्या आदल्या दुपारी तो शुद्धीत होता, गेस्के त्याचे पाय चोळत होती.

"मला कधी कधी वाटतं," तो म्हणाला, "त्या दिवशी मी एकटाच ट्रंका घेऊन उतरलो असतो, तर तू आली असतीस मागून."

"आले असते," गेस्के म्हणाली.

"मग उतरायला हवं होतं मी."

"हो. हवं होतं."

चौतीस वर्षांत या विषयावर दोघं बोलले ते एवढंच.

पुढच्या वर्षी विनफोर्डचं चर्च मिटलं. चारांतली दोन कुटुंबं मुलांकडे गेली, एक स्मशानात गेलं म्हणायचं, आणि गेस्के उरली. शेवटच्या पंचानं तिचा दाखला लिहून तिच्या हातात दिला आणि गावाची जागा कोरी ठेवली. कुठं जाल ते तुम्हीच भरा, म्हणाला.

शहाऐंशीच्या अकरा मार्चला कार्ड आलं नाही. गेस्केनं टपालवाल्याला दोनदा विचारलं. आठ दिवस थांबून तिनं केल्बर्नला फोन लावला. रूलफिनची मुलगी हिली, म्हणजे फलाटावर काखेत होती ती, आता शाळेत शिक्षिका होती. डेर्क कधीच वारला होता आणि हिली आईजवळ राहत होती.

"टांटे गेस्के," ती मावशीला म्हणाली, "आई विसरायला लागलीय. डॉक्टर म्हणतात, यावर काही उपाय नाही. तुम्ही येणार असाल तर थांबू नका."

एकाहत्तर वर्षांच्या गेस्केनं तीन आठवड्यांत घर विकलं. केल्बर्नला, रूलफिनच्याच रस्त्यावर, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या चाळीत दोन खोल्या घेतल्या. शेजारणीनं विचारलं, एवढ्या वर्षांनी आता का? गेस्केनं खांदे उडवले. काय सांगणार, पत्राचं उत्तर द्यायला आलेय म्हणून?

पहिल्या दिवशी दार रूलफिननंच उघडलं. केस पांढरेशुभ्र, गाल तसेच गुलाबी. इंग्रजी तिच्या डोक्यातून ओघळून गेलं होतं, उरली होती ती आमची गावची बोली. गेस्केनं त्याच बोलीत तिचं नाव घेतलं तशी ती खूश झाली.

"तुम्ही आमच्याकडच्या दिसता, बाई. या, बसा. कुठल्या?"

गेस्केनं गाव सांगितलं. "अरे वा, आमचंच की," रूलफिन म्हणाली. "माझी बहीण आहे तिथं. येणारेय ती इकडं."

"रूलफिन, मीच गेस्के."

रूलफिनचा चेहरा उतरला, मग कठोर झाला. गेस्के तरणीताठी आहे, ती म्हणाली. तिचे केस पिंगट आहेत. तुम्ही म्हाताऱ्या आहात, आणि म्हाताऱ्या माणसानं खोटं बोलू नये. मग ती थरथरायला लागली आणि हिलीला तिला शांत करावं लागलं. गेस्केनं आणखी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तेच झालं. त्यानंतर तिनं नाद सोडला आणि 'आमच्याकडची बाई' म्हणून ती रोज दहा वाजता कॉफीला जायला लागली.

रविवारी ती रूलफिनला हाताला धरून चर्चला न्यायची. त्याच, जुन्यांच्या. कोऱ्या जागेत केल्बर्न लिहून तिनं दाखला दिला, तेव्हा तिथल्या तरुण पाद्रीनं तो उलटासुलटा करून पाहिला. मोकळे आणि जुने हे भांडण त्यानं कॉलेजच्या पुस्तकात वाचलं होतं. "आता असलं कोण बघतं, आजी?" तो हसून म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही, पण गेस्केला त्या क्षणी त्याचा असा राग आला की तिला बाकाचा आधार घ्यावा लागला. एवढंच होतं होय? मग तिनं ज्याच्यासाठी ते सारं केलं ते काय होतं? रूलफिन शेजारी बसून डुलक्या घेत होती. गेस्केनं तिला झोपू दिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दिवशी हिली शाळेत गेली होती. रूलफिन सकाळपासून घाईत. कपाटातून चादरी काढ, पुन्हा घडी घाल.

"बहीण यायचीय," ती म्हणाली. "पण अजून कळवलं नाही तिनं, केल्बर्न की विनफोर्ड. तुम्हाला काय वाटतं, बाई?"

"मला वाटतं ती इथंच येईल."

"नाही हो. तुम्ही तिला ओळखत नाही. तिला बाबांना सोडवत नाही." रूलफिननं चादरीची टोकं जुळवली. "मला त्यांनी टाकलं, तर मी सुटले. ती बिचारी अडकली."

गेस्केनं चादरीची दुसरी बाजू हातात घेतली. "रागावलीयत का तिच्यावर?"

"रागावणार नाही? एवढी वाट बघायला लावते." रूलफिननं विचार केला. "आली की आधी जेवायला घालीन. मग दोन तास बोलणार नाही तिच्याशी. दोनच तास. त्याहून जास्त मला जमत नाही, मग मीच बोलायला लागते."

मग जेवणाची वेळ झाली म्हणून रूलफिननं पाव कापला, चीजचे काप काढले, ताक ओतलं आणि पाहुण्या बाईला आग्रह करून वाढलं. गेस्केनं ताटलीतलं सगळं संपवलं. ताटल्या उचलून झाल्यावर भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

गेस्के खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवून. एक शब्द बोलली नाही. रूलफिननं विणकाम घेतलं, चार टाके घातले, खाली ठेवलं. रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. दीड वाजला. रूलफिनला बसल्या बसल्या झोप लागली, जाग आली, तिनं कुंडीतल्या झाडाची वाळकी पानं खुडली. गेस्के तिच्याकडे पाहत होती आणि घड्याळाकडे पाहत होती. दोन वाजले. सव्वादोन झाले. एकाहत्तर वर्षांच्या त्या बाईचं काळीज लग्नाआधीच्या पोरीसारखं धडधडत होतं. तिला माहीत होतं असं काही होत नसतं. तरी ती थांबली.

अडीच वाजले. घड्याळाचा एक ठोका पडला. रूलफिननं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, तुम्हाला न्यायला कोणी येणारेय का? उशीर होईल हो. कुठं राहता तुम्ही?"

"इथंच," गेस्के म्हणाली. "केल्बर्नला."

"हो का?" रूलफिन म्हणाली. "मला कोणी कळवलंच नाही." आणि ती उठून कॉफीचं पाणी ठेवायला गेली.